मृगातील किनारा आणि पायी चालणारा माणूस

पावसावर आपले प्रेम आहे खरे, पण ते बहुधा खिडकीच्या गजाआडून केलेले असते. शाळा-कचेऱ्यांच्या वेळापत्रकाने बांधलेल्या माणसाला पाऊस म्हणजे उशिरा येणारी गाडी, ओले बूट आणि न वाळणारे कपडे. उन्हाळ्याची सुट्टी संपता संपता, ७-८ जूनच्या सुमारास, मृग नक्षत्र लागते. कोकणात पहिल्या सरी येतात त्या याच सुमारास, आणि नेमक्या त्याच वेळी सुट्टीतली मंडळी किनारा सोडून घराकडे वळतात. जाताना एखादा दिवस राखून किनाऱ्याने पायी चालावे, असे फार थोड्यांच्या मनात येते.

यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. रत्नागिरीहून आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे असे करीत केशवसुतांच्या मालगुंडापर्यंत जाणारी किनाऱ्याची वाट पुष्कळांनी मोटारीतून पाहिली आहे. तिचा एखादा टप्पा पायी चालून पाहावा. मे महिन्यातील निळा, निवांत समुद्र आता मातकट आणि बोलका झालेला असतो. जूनच्या आरंभापासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या दिसतात. नैर्ऋत्येकडून ढगांची रांग पाण्यावरून चालून येताना दिसते आणि सर अंगावर येण्यापूर्वी तिचा वास येतो. ऊन्ह तापलेले नसल्याने थकवा जाणवत नाही. एकदा पुरते भिजल्यावर भिजण्याचे भय उरत नाही. मग चालणे हाच आनंद होतो.

मात्र या आनंदाला शहाणपणाची जोड हवी. पावसाळ्यात समुद्रात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ; दरवर्षी बुडण्याच्या बातम्या येतात, त्यांत विद्यार्थ्यांची नावे असतात. भरतीची वेळ काढण्याचे कोकणातील जुने गणित प्रत्येक शिक्षकाने मुलांना शिकवावे असे आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण मोठे असते. त्या दिवशी वाळूवरून न जाता वरच्या सड्यावरून जावे, आणि कातळाच्या ओल्या कडेशी उभे राहू नये.

त्या सड्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. जांभ्या दगडाचे हे पठार उन्हाळ्यात करपलेले दिसते म्हणून आपण त्याला ओसाड म्हणून मोकळे होतो. पहिल्या पावसानंतर त्याच्या खळग्यांतून बेडूक बोलू लागतात, गवताचे कोंब उठतात आणि श्रावण-भाद्रपदात तो फुलांनी भरून जातो. अशाच सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाली. ज्याला आपण पडीक समजतो, ते कोणाचे तरी चित्रशिल्पालय होते!

रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचे काम चालू आहे. आजाऱ्याला इस्पितळ आणि बागायतदाराला बाजार जवळ यावा, याला कोणाचा विरोध असणार? परंतु रस्ता रुंद करताना पायी चालणाऱ्यासाठी एक सलग वाट आणि सड्याचा काही भाग अबाधित राखणे अशक्य नाही. ती मागणी करावयाची कोणी? मोटारीच्या काचेतून किनारा पाहणाऱ्याला तिची निकड कळणार नाही. ज्याने तो पावसात तुडवला आहे, त्यालाच काय जाणार हे ठाऊक असते. शिक्षकांनी येत्या मृगात दहा-वीस विद्यार्थ्यांना घेऊन, भरतीची वेळ पाहून, पाच-सहा किलोमीटर चालावे. किनाऱ्याचे राखणदार तयार व्हायचे, तर ते असेच होतील.