मालकाविना पसरलेली कचोरी

अकोल्यात किंवा अमरावतीत ‘शेगाव कचोरी’ची पाटी दिसते, तेव्हा तिच्यामागे एकच कंपनी असेल असं वाटणं साहजिक आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950च्या सुमारास शेगावात ही कचोरी सुरू केली. त्यांचं कुटुंब आजही ती चालवतं. पण नाव पसरलं ते रेल्वेमुळे. शेगाव मुंबई-नागपूर मार्गावर, त्यात गजानन महाराजांचं समाधिस्थान. म्हणजे गिऱ्हाईक रोज नवं आणि परतताना पुडकं नेणारं. डाळीचं कोरडं सारण प्रवासात टिकतं, थंड झालं तरी तळलेल्या मिरचीसोबत चालतं. रस्सा लागणाऱ्या पदार्थाला हे जमलं नसतं.

एकाच नावाने धंदा करणाऱ्या, पण वेगवेगळ्या मालकांच्या या गाड्यांना साखळी म्हणायचं का, हा आक्षेप रास्त आहे. 1996मध्ये भारतात आलेल्या मॅकडोनाल्ड्सचा सारा भर एकसारख्या चवीवर. इथे दर गाड्यावर सारण वेगळं, कधी चक्क फसवणूकच. मात्र त्या शिस्तीसाठी लागणारं भांडवल छोट्या गाडेवाल्याकडे कुठलं? उसन्या नावावर त्याचा धंदा उभा राहिला. मूळ कुटुंबाचं त्यात नुकसान झालं, हे मात्र नाकारता येत नाही.