होळीची शिकार

हिमायतसागराचे दरवाजे उघडले की अंबरपेठेहून मलकपेठेकडे निघालेली माणसं मुसारामबागच्या ठेंगण्या पुलापाशी अडायची. गढूळ मुशी पुलावरून वाहायची आणि पोलीस दोन्ही टोकांना वाट बंद करायचे. हेच पाणी पुढे वाडपल्लीला कृष्णेत मिसळून मछलीपट्टणच्या बाजूला बंगालच्या उपसागरात जातं. अंबरपेठ-काचिगुड्याच्या मराठी घरांना समुद्राचा शेजार म्हणाल तर तो एवढाच. शिवाजी महाराज १६७७ साली भागानगरात, म्हणजे आजच्या हैदराबादेत, येऊन अबुल हसन कुतुबशहाला भेटले, ही गोष्ट इथे कौतुकानं सांगितली जाते. पण त्याआधी बारा वर्षं ते स्वतः जहाजात बसून एक बंदर मारायला गेले होते, ही गोष्ट ओठांवर यायची राहून जाते.

ते बंदर म्हणजे बसरूर. आज ते उडुपी जिल्ह्यात, कुंदापूर तालुक्यातलं लहानसं गाव आहे. तेव्हा ते केळदीच्या नायकांच्या मुलखातलं गब्बर बंदर होतं. त्याची खरी दौलत भातात होती. कानडी किनाऱ्याचा तांदूळ गोव्यात पोचला नाही तर पोर्तुगीजांच्या चुली थंडावत. म्हणूनच त्यांनी सोळाव्या शतकात इथे किल्ला घेतला होता, आणि शिवप्पा नायकानं १६५०च्या दशकात तो त्यांच्याकडून हिसकावला. गाव थेट समुद्रावर नाही, खाडीतून आत जावं लागतं. मोठ्या जहाजाला ते जड. उथळ बुडाच्या गलबताला मात्र भरती गाठली की सोपं.

मोहिमेची वेळ पाहण्यासारखी आहे. सुरत लुटून वर्ष झालं होतं. मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया नोव्हेंबर १६६४ मध्ये घातला गेला होता आणि चुना अजून ओला होता. उत्तरेकडून मिर्झाराजा जयसिंगानं जानेवारीतच नर्मदा ओलांडली होती. असं संकट दारावर असताना राजानं घर सोडून समुद्रावर जावं, हे धाडस की अविचार? पुढचा खर्च दिसत असलेल्या माणसाचा हा हिशेब असावा, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

८ फेब्रुवारी १६६५ रोजी मालवणहून ८५ गलबतं आणि तीन मोठी तारवं सुटली. हा आकडा कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांचा. (त्यांची कालगणना तेव्हा जुनी, आजच्याहून दहा दिवस मागे.) त्या दिवसांत कोकणपट्टीवर वायव्येचा वारा असतो, त्यामुळे दक्षिणेला जाणाऱ्या शिडाला तो पाठीशी लाभतो. गोव्याच्या पोर्तुगीजांना ओलांडून आरमार खाली उतरलं, बसरूर एका दिवसात लुटलं गेलं, आणि बंदर सावध होण्याआधीच गलबतं भरून निघाली.

परतीला तोच वारा तोंडावर. महाराज गोकर्णाला उतरले, तिथे स्नान केलं आणि आरमार पुढे धाडून दिलं. फक्त बारा गलबतं ठेवली, तीही नद्या ओलांडून माणसं पलीकडे न्यायला. चार हजार पायदळ अंकोल्याच्या वाटेनं चालू लागलं. या मोहिमेत जहाजं लढाईपेक्षा वाहतुकीच्या कामी जास्त आली. सिद्दीशी किंवा पोर्तुगीजांशी समोरासमोर झुंजायचं बळ या कोवळ्या आरमारात नव्हतं आणि त्याला तसं झुंजवलंही नाही.

कारवारात मात्र नशीब फिरलं. आदल्याच रात्री विजापूरच्या बहलोलखानाचा सरदार शेरखान पाचशे माणसांनिशी तिथे येऊन ठेपला होता, तोही लढाईसाठी नव्हे, तर खानाच्या आईच्या मक्केच्या प्रवासाची सोय लावायला! इंग्रजांनी घाईघाईनं रोकड मस्कतच्या इमामाच्या एका छोट्या, दहा टनी जहाजावर चढवली आणि स्वतःही तिथेच जाऊन बसले. महाराजांची मागणी आली तेव्हा त्यांनी उलट निरोप धाडला, की आमच्यापाशी दारू आणि गोळ्या तेवढ्या आहेत; सोन्याऐवजी चालत असतील तर येऊन घेऊन जा. वाचताना हसू येतं. कारण गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून खंडणी भरली तेव्हा या शूरांनीही आपल्या वाट्याचे ११२ पौंड मुकाट्यानं मोजले.

२३ फेब्रुवारीला, म्हणजे आजच्या पंचांगानं ५ मार्चला, महाराज नाखुशीनं निघाले. होळीचेच दिवस होते ते. शेरखानानं आपली होळीची शिकार बिघडवली, असं ते म्हणाल्याची नोंद इंग्रजांनी ठेवली आहे. जेधे शकावलीत ही मोहीम एका ओळीत आटोपते. गलबतांची मोजदाद, गोकर्णचा मुक्काम, राजाची चिडचिड हे सगळं आपल्याला कळतं ते पैसे गेल्यामुळे कुरकुरणाऱ्या कारकुनांकडून.

इकडे मिर्झाराजा मार्चच्या सुरुवातीला पुण्यात पोचला. महिनाअखेरीस पुरंदराला वेढा पडला आणि जूनमध्ये तहात २३ किल्ले गेले. सिंधुदुर्गाचं काम मात्र थांबलं नाही. १४ मार्चला कारवारच्या वखारीतून सुरतेला पत्र गेलं, त्यात ही सारी हकीकत होती, आणि ११२ पौंडही.