चार कोटी वर्षांची संडासमाशी

मागच्या लेखात आपण डास आणि चिलटांपर्यंत आलो होतो. द्विपंखी कीटकांमधली ही जुनी घराणी. आज त्यांच्या धाकट्या भावंडांकडे वळू: घरमाशी, फळमाशी, मांसावर बसणारी निळी माशी. माश्यांच्या दीड लाखांहून अधिक ज्ञात जातींपैकी साधारण तिसरा हिस्सा या एकाच गटाचा आहे.

गटाची खूण कपाळावर असते. कोशातून बाहेर पडायची वेळ झाली की माशीचे कपाळ चक्क उघडते आणि आतून एक पातळ पिशवी बाहेर येते. अंगातला द्रव भरून ती फुगते आणि तिच्या रेट्याने कोशाचे टोपण उडते. काम संपले की पिशवी आत जाते ती कायमची. मागे राहते ती मिशांच्या वर नालाच्या आकाराची एक शिवण. अंबरमधल्या, म्हणजे झाडाच्या जीवाश्म झालेल्या राळेतल्या, माशीवरही भिंगाखाली शिवण सापडली की कूळ ठरवायला मोठाच आधार मिळतो.

हा गट फोफावला कधी? २०११ मध्ये जनुकांवरून माश्यांची मोठी वंशावळ मांडली गेली. तिने उत्तर दिले : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमारास. पण जनुकांच्या घड्याळाला तारखा द्याव्या लागतात जीवाश्मांनीच. एखादा जीवाश्म खोटा निघाला, तर त्यावर बेतलेल्या सगळ्या तारखा ढासळतात.

असा एक खोटा जीवाश्म लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये होता. एकोणिसाव्या शतकातले जर्मन माशीतज्ज्ञ हेर्मान लोव यांच्या संग्रहातला हा बाल्टिक अंबरचा खडा संग्रहालयाने १९२२ मध्ये विकत घेतला. त्यात होती संडासाच्या आसपास घोंगावणारी ‘फॅनिया स्कॅलॅरिस’. १९६६ मध्ये विली हेनिग यांनी ती अभ्यासली. सजीवांची वंशावळ कशी लावावी, याची आज सर्वमान्य असलेली पद्धत घालून देणारे हेच ते हेनिग. माशीत आणि आजच्या जातीत त्यांना काहीच फरक आढळेना. म्हणजे घरमाशीचे हे जवळचे कूळ चार कोटी वर्षांपूर्वीच आजच्या रूपात तयार होते, असा अर्थ निघत होता.

१९९३ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ अँड्र्यू रॉस तोच खडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती एक चीर उमटली. कुणीतरी अस्सल अंबरचे दोन भाग करून, एका भागात खळगा कोरून, त्यात माशी बसवली होती आणि दोन्ही भाग पुन्हा जोडले होते. काम इतके सफाईदार की पिढ्यान् पिढ्या कुणाला संशय आला नाही. करणारा कोण, ते अज्ञातच राहिले.

हेनिग यांना हसण्यात मात्र अर्थ नाही. त्यांनी माशी अचूक ओळखली होती. ती खरोखरच आजची जात होती! चुकला तो खडा पारखणारा डोळा, माशी पारखणारा नव्हे.

कीटक असलेला अंबर विकत घ्यायचा मोह झाला, तर दाट मिठाच्या पाण्याची परीक्षा करून पाहा : अंबर तरंगतो, बरेचसे प्लास्टिक बुडते. पण लंडनचा खडा या परीक्षेत उत्तीर्ण झाला असता, कारण अंबर अस्सलच होता. तेव्हा कीटकाभोवतीची कड आधी तपासा.

पुढच्या आठवड्यात : सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतला अंबर आणि त्यातली चिलटे.