चाकामागचे सहा छर्रे

सरळ रस्त्यावर गाडी एकदम शांत असते. सोसायटीच्या फाटकातून बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि ॲक्सिलरेटरवर पाय दिला, की पुढच्या चाकाकडून कट-कट-कट ऐकू येतं. वेग वाढला तर कटकट भरभर होते, कमी केला तर मंदावते, स्टिअरिंग सरळ झालं की थांबते. गॅरेजात ही तक्रार सांगितल्यावर मुरलेला मिस्त्री बॉनेट उघडायला जात नाही. तो आधी विचारतो, ‘‘कुठल्या बाजूला कापल्यावर वाजतं, साहेब? पुढे जाताना, की मागे घेतानाही?’’ मग उकिडवा बसून चाकाच्या आतल्या बाजूला हात घालतो. हात बाहेर येतो तेव्हा बोटांना काळंकुट्ट ग्रीस लागलेलं असतं. बूट फाटला आहे आणि आतला सीव्ही जॉइंट वाजायला लागला आहे, एवढं त्याला त्या बोटांवरून कळतं.

गाडीच्या मालकांपैकी बहुतेकांनी हा जॉइंट कधी पाहिलेला नसतो. इंजिन, बॅटरी, टायर यांच्याशी आपली ओळख असते. गिअरबॉक्समधून निघून दोन्ही पुढच्या चाकांपर्यंत जाणारे एक्सल मात्र गाडीच्या पोटाखाली, अंधारात फिरत असतात. प्रत्येक एक्सलला दोन सांधे असतात. गिअरबॉक्सकडचा आतला आणि चाकाकडचा बाहेरचा. आजच्या छोट्या मोटारीची सारी रचना या सांध्यांवर उभी आहे, आणि इतका देखणा यांत्रिक विचार त्या गाडीत दुसरा नाही असं मला वाटतं.

या सांध्यापुढची अडचण मोठी होती. पद्मिनी किंवा अँबॅसिडरमध्ये इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना असायची. मधल्या लांब प्रॉपेलर शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस असायचे. हा क्रॉस म्हणजे जुना युनिव्हर्सल जॉइंट. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला होता, आणि इंग्रजीत आजही तो त्याच्या नावाने ओळखला जातो. दोन दांड्यांमधला कोन लहान असेपर्यंत तो मुकाट काम करतो. कोन वाढला की त्याचा दोष उघडा पडतो. आत येणारी दांडी एकसारख्या वेगाने फिरत असली तरी बाहेर जाणारी दांडी प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन 30 अंशांचा असेल तर तिचा वेग मूळ वेगापेक्षा कधी 13 टक्के कमी, तर कधी 15 टक्के जास्त होतो. पुढची चाकं वळवायची आणि गाडीही त्यांनीच ओढायची म्हटलं, तर वळणावर एवढा कोन होणारच. तिथे क्रॉस बसवला तर स्टिअरिंग हातात थडथडत राहील.

यावरचं उत्तर 1920 च्या दशकात दोन ठिकाणांहून आलं. फ्रान्समध्ये पिएर फेनाय आणि जाँ-आल्बेर ग्रेगोआर यांनी ट्रॅक्टा नावाचा जॉइंट केला. अमेरिकेत फोर्डमधल्या आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने छर्ऱ्यांचा जॉइंट शोधला. आज जगभरच्या मोटारींच्या चाकांमागे बहुतांशी झेप्पाचीच रचना असते. बाहेर पोलादी वाटी असते आणि तिच्या आतल्या अंगाला सहा वक्र खाचा असतात. मध्ये एक गोलाकार रेस असते, तिलाही तशाच सहा खाचा. प्रत्येक जोडखाचेत एक छर्रा, आणि सहाही छर्ऱ्यांना एका पातळीत धरून ठेवणारा पिंजरा. दांड्या कितीही वाकल्या तरी छर्रे त्यांच्यामधल्या कोनाच्या बरोबर मध्यावरच्या पातळीत राहतात. त्यामुळे एका दांडीचा वेग जसाच्या तसा दुसरीला मिळतो. कुठेही झटका नाही, आणि कोन 45 अंशांच्या पुढे गेला तरी चालतं. हाताने वाटी फिरवून पाहिली तर छर्रे आपापल्या खाचांतून सरकत मध्य गाठताना दिसतात. इतकी अचूक हालचाल निव्वळ धातूच्या आकारातून साधलेली पाहून अजूनही मन हरखतं.

तरीही या जॉइंटला घरोघरी पोहोचायला तीस-एक वर्षं लागली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपगाड्यांच्या पुढच्या चाकांना वेगवेगळ्या जातींचे असे जॉइंट होते. पण खरा बदल घडवला तो 1959 साली आलेल्या ब्रिटिश मिनीने. ॲलेक इसिगोनिसने त्या गाडीत इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटात घातला, चाकं 10 इंचांची ठेवली आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. मागे जाणारा शाफ्ट गेला, त्याच्यासाठी गाडीच्या तळात ठेवायचा उंचवटा गेला, आणि एवढ्याशा गाडीत चार माणसं ऐसपैस बसू लागली. झेप्पाच्या तत्त्वावरचा बर्फील्ड जॉइंट तयार नसता तर हा आराखडा कागदावरच राहिला असता.

आपल्याकडे ही रचना सर्वसामान्यांच्या दारात आली ती डिसेंबर 1983 मध्ये, मारुती 800 बरोबर. पुढे सान्त्रो आली, पिंपरीत तयार झालेली इंडिका आली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत पद्मिनीची जागा नव्या छोट्या गाड्यांनी घेतली. क्रॉस बदलण्यात हात बसलेल्या मिस्त्रींना एक नवा आवाज ओळखायला शिकावं लागलं.

मारुती 800 च्या 12 इंची चाकाचा टायरसकट परीघ 1.6 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे एका किलोमीटरला सव्वासहाशे फेरे, आणि 60 च्या वेगाने सेकंदाला दहा. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीतला जॉइंट सहा कोटींहून जास्त वेळा फिरलेला असतो. पोलाद कडक केलेलं आहे, खाचा घासून गुळगुळीत केलेल्या आहेत, त्यामुळे चांगल्या ग्रीसमध्ये तो हे सगळं निमूट सोसतो. पुष्कळ गाड्यांत मूळचा जॉइंट शेवटपर्यंत टिकतो. जिथे टिकत नाही तिथे बहुतेक वेळा आधी त्याच्यावरचा रबरी बूट फाटलेला असतो.

हा बूट हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा असतो. त्यात 100 ग्रॅमच्या आसपास काळं ग्रीस भरलेलं असतं. ते काळं दिसतं त्यातल्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडमुळे. स्टिअरिंग वळलेलं असताना प्रत्येक फेऱ्याला एका बाजूच्या घड्या मिटतात आणि दुसऱ्या बाजूच्या ताणल्या जातात. वर्षानुवर्षं हे चाललं, त्यात इंजिनाची धग आणि रस्त्यावरचे दगड आले, की रबर कडक होतं आणि दोन घड्यांच्या मधल्या खोबणीत बारीक भेग पडते. वरून पाहिलं तर ती दिसत नाही. फिरणाऱ्या जॉइंटमधून ग्रीस त्या भेगेतून बाहेर फेकलं जातं आणि रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर, ब्रेकच्या पाइपवर त्याचा काळा पट्टा उमटतो. ग्रीस बाहेर आलं त्याच वाटेने पाणी आणि माती आत जातात. कोकणातला लाल चिखल असो की उसाच्या वाटेवरचा काळा, ग्रीसमध्ये मिसळला की तो पोलाद घासायला लागतो. मग पावसाळ्यात फाटलेला बूट पुढच्या काही महिन्यांत जॉइंट संपवून टाकतो.

म्हणूनच सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर चढली की मालकाने खाली जाऊन चारही बूट स्वतः पाहावेत, असं मी आग्रहाने सांगतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण कापायला सांगायचं आणि टॉर्चच्या उजेडात बोटांनी घड्या उलगडायच्या. दोन मिनिटांचं काम आहे. सर्व्हिसिंगच्या यादीत या तपासणीसमोर टिकमार्क असतो, पण घड्या उलगडून पाहिलेल्या असतीलच असं नाही.

आवाजावरून दोष ओळखताना गल्लत होऊ शकते. बाहेरचा जॉइंट झिजला की वळणावर, ताकद दिल्यावर कटकट होते. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण कापून हळूहळू गोल फिरवावं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग रिव्हर्समध्ये. कोणाला तरी बाहेर उभं करावं, कारण आत बसून बाजू नीट कळत नाही. आतला जॉइंट गेला तर लक्षणं वेगळी. हा बहुधा तीन रोलरांचा ट्रायपॉड असतो, कारण चाक खड्ड्यात उतरलं की एक्सलची लांबी कमी-जास्त व्हावी लागते आणि रोलर खाचेत मागेपुढे सरकून ती जुळवतात. त्याच्या खाचांना खळगे पडले की चढावर ताकद देताना पुढचा भाग थरथरतो आणि पाय काढला की शांत होतो. पाय देता-काढताना ‘ठक्क’ असा एकच आवाज येतो. पण इंजिनाचं मोटरमाउंटिंग तुटलं तरी असाच ठक्क येतो, तेव्हा आधी ते तपासावं. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल तर व्हील बेअरिंगकडे पाहावं. खड्ड्यातच खडखडत असेल तर लिंक रॉड, बुश किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. एक्सलच्या माथी हे सगळे आवाज मारून उगाच नवा एक्सल विकलेला मी पाहिला आहे.

वाजणारा जॉइंट लगेच तुटत नाही. काही गाड्या महिनोन्‌महिने कटकटत चालतात, आणि त्यामुळेच लोक दुर्लक्ष करतात. तुटला तर मात्र गाडी जागेवर बसते, कारण डिफरन्शिअल सगळी ताकद मोकळ्या झालेल्या बाजूला सोडून देतं. घाटात हे झालं तर आणखी एक धोका असतो. एका बाजूचा एक्सल तुटला असेल तर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही उतारावर थांबत नाही. हँडब्रेक ओढायचा आणि चाकाखाली दगड लावायचा.

दुरुस्तीचा निर्णय आवाजावर ठरतो. बूट फाटलाय पण आवाज अजिबात नाही, ग्रीस अजून ओलं आहे आणि त्यात खर लागत नाही, तर जॉइंट सोडवून डिझेलने किंवा केरोसिनने स्वच्छ धुवायचा, पूर्ण वाळवायचा, नवं ग्रीस भरायचं आणि नवा बूट चढवायचा. बूटचा किट काही शेकड्यांत येतो, जॉइंट किंवा अख्खा एक्सल हजारांत. मजुरी जवळपास तीच, कारण दोन्हीसाठी एक्सल उतरवावाच लागतो. पण एकदा कटकट सुरू झाली की नवा बूट आणि नवं ग्रीस यांचा उपयोग नाही. आवाज चार दिवस दबतो, इतकंच. खाचेतला खळगा ग्रीसने भरून येत नाही.

कामाला हात घालताना पाहण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. गाडी जमिनीवर असतानाच हब नट सैल केला जातो, कारण तो इतका आवळलेला असतो की जॅकवरच्या गाडीला पाना लावणं धोक्याचं. मग चाक उतरतं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सुटतो, नकल बाजूला ओढून एक्सलचं बाहेरचं टोक हबमधून निघतं. ते अडकलं तर थेट हातोडा मारायचा नाही, आटे चपटे होतात. जुना नट उलटा लावून किंवा तांब्याचा ठोकळा ठेवून ठोकतात. आतलं टोक गिअरबॉक्समधून काढायचं तर दोन बाजूंनी टॉमी लावून हळूच उचकटतात. दांडी धरून ओढली तर ट्रायपॉड आतल्या आत निसटतो आणि बूट फाटतो. टोक बाहेर येताच गिअर ऑइलची धार लागते. खाली भांडं हवंच, आणि हात लागलाच आहे तर ऑइल सील बदलून घ्यावं. एक्सल व्हाइसमध्ये धरून रेसवर लाकडी मोगरीचा नेमका घाव घातला की सर्क्लिप दबते आणि जॉइंट दांडीवरून सुटतो. मग पिंजरा आडवा फिरवून एकेक छर्रा बाहेर काढायचा. झिजलेला जॉइंट उघडला की खाचेच्या एकाच अंगाला, गाडी पुढे ओढताना भार येतो त्या बाजूला, चकाकणारा लांबट खळगा दिसतो. नखाची कडा फिरवली की ती तिथे अडकते. दुसरं अंग बऱ्याचदा कोरं असतं. म्हणून काही जुने मिस्त्री डावा जॉइंट उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालून आणखी काही काळ काढतात. युक्ती खरी आहे, पण माती आत गेलेल्या जॉइंटवर ती करू नये.

नवा एक्सल घेताना आट्यांची संख्या आणि एबीएसच्या दातेरी रिंगेचे दाते मोजून जुळवावेत, नाहीतर घरी पोहोचायच्या आत डॅशबोर्डवर दिवा लागतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात रंग मारलेले रिकंडिशन एक्सल मिळतात. ते घ्यायचे तर जॉइंट पूर्ण कोनात वाकवून हाताने फिरवून पाहावा. जड पण एकसारखा फिरला पाहिजे, कुठे अडकता किंवा टकटकता कामा नये. माझ्या मते अनोळखी छापाच्या स्वस्त नव्या एक्सलपेक्षा भंगारात निघालेल्या गाडीचा, बूट शाबूत असलेला मूळ एक्सल बरा.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांतही हेच सांधे आहेत. मोटरची ताकद पायाबरोबर एकदम येते, आणि पाय काढल्यावर बॅटरी भरताना भार उलट्या बाजूने पडतो. त्यामुळे त्यांच्या खाचांची दोन्ही अंगं राबतात. इंजिनाचा आवाज नसल्याने कटकट मात्र लवकर कानावर येते.

एक्सल बसवल्यावर हब नट नवाच वापरावा, तो टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या आकड्यावर आवळावा आणि गिअर ऑइल पुन्हा पातळीला आणावं. त्यानंतर त्याच मैदानात पूर्ण स्टिअरिंग कापून दोन्ही बाजूंना गोल फिरवून ऐकावं. चार-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा खाली वाकून दोन्ही क्लॅम्पच्या कडेने बोट फिरवावं. ग्रीसचा ओलावा लागला तर क्लॅम्प सैल आहे, तो त्याच दिवशी आवळून घ्यावा.