डोळ्यातलं होकायंत्र

जेमतेम 20 ग्रॅम वजनाचा, नारिंगी छातीचा युरोपियन रॉबिन रात्री स्थलांतर करतो. तरीही त्याचं होकायंत्र प्रकाशावर चालतं, असं पुरावे पाहता मला ठामपणे वाटतं. रात्रही पुरती काळोखी नसतेच. फ्रँकफर्टमध्ये वोल्फगांग विल्च्को यांनी 1960च्या दशकात पिंजऱ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र फिरवलं, तेव्हा रॉबिनच्या उड्यांची दिशाही फिरली. पुढे दिसलं ते अधिक नवलाचं: मंद निळ्या-हिरव्या उजेडात दिशा बरोबर, तांबड्या उजेडात मात्र पक्षी गोंधळलेला. लोखंडी सुईला उजेडाच्या रंगाशी काय देणंघेणं?

आक्षेप असा, की पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम 50 मायक्रोटेस्लाचं. ते रसायनाला काय हलवणार? पण जोर लावण्याचं काम इथे प्रकाश करतो. डोळ्याच्या पडद्यातल्या क्रिप्टोक्रोम प्रथिनावर निळा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो, दोन एकटे इलेक्ट्रॉन उरतात आणि त्यांच्या फिरकीचा तोल क्षणभर इतका नाजूक होतो, की दुबळं क्षेत्रही तो कलवू शकतं. दुसरा आक्षेप असा, की होकायंत्र डोळ्यात नसून चोचीतल्या लोहकणांत असेल. पण 2009 मध्ये चोचीकडून मेंदूकडे जाणारी नस कापूनही रॉबिनना दिशा कळत राहिली. मेंदूतला दृष्टीशी जोडलेला भाग निकामी केल्यावर मात्र ती हरपली. 2021 मध्ये रॉबिनचं क्रिप्टोक्रोम-4 प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देताना दिसलं. जिवंत डोळ्यात ते तसंच वागतं, हे सिद्ध व्हायचं आहे, आणि ही उणीव मोठी आहे. पण ओल्डेनबर्ग शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात दिशा हरवलेल्या रॉबिनना, लाकडी खोलीला अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून ते जमिनीशी जोडताच, ती पुन्हा सापडली. इतक्या क्षीण लहरींनी लोहकण हलत नाहीत.