शिडी असलेला मनोरा

रविवारी सकाळी आपल्या वस्तीतून चक्कर मारली, तर पाच-दहा पोरांच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा नाहीतर आर्सेनलचा लाल शर्ट दिसतो. रात्री जागून इंग्लंडचे सामने पाहतात म्हणून आपण त्यांच्यावर रागावतो. परंतु हे संघ काढले कोणी, हे त्यांना कोणी सांगत नाही. वाचकहो, ती माणसे आपल्यासारखीच कष्टकरी होती.

मँचेस्टर युनायटेड 1878 साली न्यूटन हीथ या नावाने रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातील कामगारांनी सुरू केला. 1902 मध्ये त्याचे नाव बदलले. आर्सेनल 1886 साली वुलिच येथील सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांनी काढला. वेस्ट हॅमचे मूळ 1895 साली थेम्स नदीकाठच्या जहाजबांधणी कारखान्यात आहे.

त्यापूर्वी मैदानावर वर्चस्व होते ते श्रीमंतांच्या शाळांतून शिकलेल्यांचे. 1883 साली विणकर, लोखंडकाम करणारे, नळकाम करणारे अशा लोकांच्या ब्लॅकबर्न ऑलिम्पिक संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना 2-1 असे हरवून एफ. ए. कप जिंकला. 1885 साली खेळाडूला पैसे देण्यास रीतसर मान्यता मिळाली. हा निर्णय महत्त्वाचा, कारण ज्याची मजुरी बुडते त्याला हौसेखातर खेळणे परवडत नाही. 1888 साली बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली.

लीगचा गुणतक्ता म्हणजे सरळ जमाखर्च. जिंकल्यास 3 गुण, बरोबरीस 1, हरल्यास शून्य. 1981 पर्यंत विजयाचे 2 गुण मिळत. 2015-16 च्या हंगामात लेस्टर सिटीने 38 सामन्यांपैकी 23 जिंकले, 12 बरोबरीत सोडवले आणि 3 गमावले. 69 अधिक 12, एकूण 81 गुण, आणि लेस्टर इंग्लंडचा विजेता. हाच संघ 2008-09 मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. पुढे 2023 मध्ये तो वरच्या श्रेणीतून खालीही उतरला. तक्त्याने ना जुने दारिद्र्य पाहिले, ना जुना मुकुट.

1920 साली ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडी नाही. इंग्लंडच्या फुटबॉललाही मजले आहेत. प्रीमियर लीगमध्ये 20 संघ, तिच्याखालच्या तीन श्रेणींत प्रत्येकी 24, आणि त्याखाली आणखी कितीतरी लहान लीगा. फरक एवढाच की इथे दरवर्षी खालचे काही संघ वर चढतात आणि वरचे काही खाली उतरतात.

मात्र तळाची शिडी फार उशिरा लागली. 1986 पर्यंत चौथ्या श्रेणीत तळाला राहिलेल्या चार संघांना लीगमध्ये राहण्यासाठी पुन्हा निवडून यावे लागे. मत कोणाचे? लीगमधल्या संघांचेच. बाहेरच्या संघाने कितीही सामने जिंकले तरी बहुतेक वेळा जुन्या सभासदालाच मते पडत. 1987 साली नियम बदलला. स्कारबरो संघ मतांची भीक न मागता, केवळ गुणांच्या जोरावर वर आला आणि लिंकन सिटी बाहेर गेला. 2003 पासून असे दोन संघ वर येऊ लागले. ल्यूटन टाऊन 2009 मध्ये लीगबाहेर फेकला गेला होता. तो 2014 मध्ये परतला आणि 2023 मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये पोहोचला.

आपल्याला उठता-बसता गुणवत्ता शिकवणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. गुणवत्ता स्कारबरोच्या आधीच्या संघांकडेही होती. त्यांच्यासाठी दार उघडे नव्हते, इतकेच.

वर पोहोचलेल्यांना शिडी नकोशी होते, हेही तिथे दिसले. एप्रिल 2021 मध्ये इंग्लंडच्या सहा बड्या संघांनी युरोपातील इतर सहा धनिक संघांसह वेगळी सुपर लीग जाहीर केली. संस्थापकांना कायमची जागा, खाली उतरण्याची भीती नाही! त्या सहांत कामगारांनी काढलेले मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनलही होते. पण त्यांचेच चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही संघांना माघार घ्यावी लागली.

तरीही या मनोऱ्याला आदर्श म्हणता येणार नाही. संघाला शिडी मिळाली म्हणून माणसाला ती मिळतेच असे नाही. 1865 साली आफ्रिकेतील अक्रा येथे जन्मलेला गोलरक्षक आर्थर व्हार्टन हा पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जातो. प्रेस्टनसारख्या नामांकित संघात खेळूनही त्याला इंग्लंडच्या संघात जागा मिळाली नाही. पुढे तो कोळशाच्या खाणीवर राबला आणि 1930 साली गरिबीत वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला 1997 साल उजाडले.

तेव्हा मुलाच्या अंगातला लाल शर्ट पाहून नुसते रागावू नका. त्याला जवळ बसवा आणि गुणतक्ता वाचायला सांगा. मग विचारा: या तक्त्यात खाली असलेल्याला वर जायला वाट आहे, ती कोणी बांधली? आणि आपल्या मनोऱ्याला शिडी लावण्यासाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले, तिची राखण आता कोणी करायची? याचे उत्तर त्याने शोधले, तर रात्रीचे जागरण वाया गेले असे मी म्हणणार नाही.