ताल निर्दोष, कूलर संशयित
(डास आणि आपण : लेखांक 5)

जबलपूरची जुनी ओळख '52 ताल, 84 तलैया' अशी सांगतात. राणी दुर्गावतीचा राणीताल, तिचे दिवाण अधारसिंह यांच्या नावाचा अधारताल, तिच्या दासीनं बांधला असं मानतात तो चेरीताल. यातली कितीतरी तळी बुजली, वर वस्त्या उठल्या आणि नावं तेवढी पत्त्यात राहिली. पाऊस सरत आला आणि शहरात डेंग्यूची कुजबुज सुरू झाली, की पहिला संशय उरलेल्या तळ्यांवर आणि वस्तीतून वाहणाऱ्या नाल्यांवर जातो. पाणी हिरवं, वास उग्र, तिन्हीसांजेला काठावर डासांचा घोंगाट. आणखी पुरावा कशाला हवा? मग धुराची गाडी फिरवा, अशी मागणी होते. 2021 साली मध्य प्रदेशात डेंग्यूचे 15 हजारांवर रुग्ण नोंदले गेले, जबलपूरलाही त्याचा मोठा फटका बसला. माझं म्हणणं असं, की आपण आरोपी चुकीचा धरला आहे. डेंग्यूचा डास घराच्या आसऱ्यानं वाढतो, आणि या शहराच्या हवामानात त्याला सगळ्यात सोयीचं बाळंतघर म्हणजे खिडकीला टांगलेला कूलर.

नाल्याच्या घाण पाण्यात पोसला जातो तो क्यूलेक्स. तो रात्री चावतो, झोप उडवतो, हत्तीपायाचे जंतू पसरवतो. डेंग्यूशी त्याचा संबंध नाही. हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस तिसराच. मंडला-दिंडोरीच्या जंगलपट्टीतल्या हिवतापावर जबलपुरात 1984 साली सुरू झालेल्या आयसीएमआरच्या संस्थेनं वर्षानुवर्षं काम केलं आहे. तिथला धडा होता मच्छरदाणीचा, आणि तो खराच आहे. फक्त तो डेंग्यूला तसाच लावला की फसतो. अंगावर पांढरे पट्टे असलेली एडिस इजिप्तीची मादी दिवसाउजेडी चावते, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या तास-दोन तासांत, म्हणजे मच्छरदाणी गुंडाळून ठेवलेली असते तेव्हा. दुपारी झोपणारं तान्हं मूल आणि तापानं पडलेला रुग्ण यांना मात्र दिवसाही मच्छरदाणीतच ठेवावं. रुग्णाला चावलेली मादी आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला रोग देण्याजोगी होते आणि मग मरेपर्यंत तशीच राहते.

आता कूलर. एप्रिल-मेमध्ये जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि कूलरवाचून भागत नाही. रोज पाणी ओतायचं, पंपानं ते ताट्यांवर फिरवायचं. जूनअखेर पाऊस येतो, हवा दमट होते. दमट हवेत पाण्याची वाफ होईना, की कूलर गार हवा द्यायचा थांबतो. नुसता चिकट वारा येतो. म्हणून तो बंद होतो, पण बहुधा रिकामा होत नाही. तळाशी चार बोटं पाणी राहतं. ते स्वच्छ असतं, सावलीत असतं, हलत नाही, आणि माणसं भिंतीपलीकडे असतात. एडिसला याहून जास्त काही नको असतं. शिवाय ती अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओलसर पत्र्यावर चिकटवते. पाणी आटलं तरी ही अंडी कोरडी होऊन कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा चढलं की फुटतात. उष्ण दिवसांत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं हे अर्धंच काम. टाकीच्या कडा ब्रशनं खरवडून घासल्या नाहीत, तर यंदाची अंडी पुढच्या मार्चमध्ये, आपण हौसेनं पहिली बादली ओतली की, जागी होतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतात, त्याचं गणित या आठ-दहा दिवसांतच आहे.

यावर एक तक्रार हमखास येते: आम्ही कूलर घासतो, तरी घरात डेंग्यू आलाच. खरं आहे. ही मादी साधारण शे-दोनशे मीटरच्या आतच वावरते, पण तेवढ्या टापूत शेजारची गच्ची येते, कुलूप लावून गावी गेलेल्यांचं अंगण येतं, अर्धवट बांधकामावरची टाकी येते, पंक्चरवाल्याकडचे टायर येतात. तळ्याच्या काठावर फेकलेले प्लास्टिकचे पेलेही येतात. एवढ्यापुरता तळ्याचा काठ दोषी आहे, तळं नव्हे. तळं बुजवून डेंग्यू हटणार नाही, आणि त्यातले डासांच्या अळ्या खाणारे मासे मात्र जातील. दुसरा आक्षेप धुराच्या बाजूनं. धूर निरुपयोगी नाही. साथ भडकल्यावर उडते डास मारायला तो हवाच. पण तो रस्त्यावर फिरतो, एडिस पडद्यामागे आणि खाटेखाली बसते, आणि अळ्यांना धुराचं काहीच वाटत नाही. धूर दिसतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

सगळ्यात वजनदार आक्षेप सिंगापूरचा. तिथं 1960 च्या दशकात जवळजवळ निम्म्या घरांत अळ्या सापडत, ते प्रमाण दंड आणि घरोघर तपासणीनं दोन टक्क्यांच्या आसपास आलं. तरी 1980 च्या दशकाअखेर डेंग्यू परतला. मग घासून उपयोग काय? मला वाटतं, उदाहरण उलटं वाचायला हवं. कित्येक वर्षं रोग कमी राहिला म्हणून लोकांची प्रतिकारशक्तीच उरली नव्हती. शिवाय लागण घराबाहेर, शाळा-कचेऱ्यांत होऊ लागली होती. उपाय चालला होता, तो घराच्या उंबरठ्यावर अडला. आपल्याकडेही शाळेच्या गच्चीवरची टाकी आणि सरकारी कचेरीतला कूलर कुणाचाच नसतो. घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका तिथवर पोचत नाही. घरमालकाला नोटीस देणाऱ्या महापालिकेनं आधी स्वतःच्या इमारतींतले कूलर जुलैच्या पहिल्या आठवड्यात उतरवून, वाळवून ठेवावेत, असं म्हणणं फार नाही. आणि नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत पिंप भरून ठेवणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. तिला घट्ट झाकण द्यावं, नाहीतर वरून बांधायला धोतराचं फडकंही चालतं.

पुढच्या आठवड्यात रुग्णाच्या खाटेपाशी जाऊ: डेंग्यूचा ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस तापाहून धोक्याचे का असतात, आणि त्या वेळी नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याकडे बघत बसणं का चुकतं.